कमी पाण्यावर तग धरणारा सदाहरित सायप्रस : कुंपणालगत कोणता लावावा आणि कसा वाढवावा?

प्रश्न (मृद्‌गंध) : घराच्या पश्चिमेकडील कुंपणालगत वर्षभर हिरवी राहणारी आणि वारा अडवणारी झाडांची रांग लावण्याचा विचार आहे. पट्टा लांब असला तरी रुंदी जेमतेम अडीच मीटर आहे. दिवसभर कडक ऊन असते. जमीन बहुतांशी मुरमाड आहे, मात्र एका टोकाला चिकणमाती असल्याने तिथे पाणी साचते. पाणी जपून वापरावे लागत असल्यामुळे झाडे एकदा रुजली की त्यांना वारंवार पाणी घालावे लागू नये, ही मुख्य अपेक्षा आहे. रोपवाटिकेतून लेलँड सायप्रस सुचवण्यात आला, कारण तो सर्वांत लवकर वाढतो. तो खरोखर दुष्काळ सोसतो का, की ॲरिझोना किंवा इटालियन सायप्रस अधिक योग्य ठरेल?

उत्तर (बांधावरचा) : लेलँडच्या वाढीचा वेग खरा आहे, जमीन मानवली तर तो वर्षाला मीटरभर उंच होतो. परंतु आपल्या जागेसाठी मी तो अजिबात सुचवणार नाही. तो मॉन्टेरे आणि नूटका या दोन सायप्रसांचा संकर आहे. त्यांपैकी मॉन्टेरे निसर्गतः कॅलिफोर्नियाच्या धुकट किनाऱ्यावरील दोन छोट्या राईंतच आढळतो, तर नूटका उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या दमट डोंगरांतला आहे. कोरड्या, तापणाऱ्या जागी अशा संकराची दमछाक होते आणि पाण्याच्या ताणाने अशक्त झालेल्या झाडाला सिरिडियम नावाची बुरशी गाठते. हिरव्यागार झाडात एखादीच फांदी तांबूस पडते, तिच्या बुडाशी साल खचून राळेचे ओघळ दिसतात आणि रोग पुढे सरकत जातो. यावर खात्रीचे बुरशीनाशक नाही; रोगट फांदी निरोगी भागापर्यंत कापून काढणे आणि प्रत्येक कापानंतर कात्री निर्जंतुक करणे एवढेच हाती राहते.

ॲरिझोना सायप्रस हा अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील आणि उत्तर मेक्सिकोतील कोरड्या डोंगरउतारांवरचा असल्याने दुष्काळ सोसण्यात तिघांत सरस आहे आणि त्याची निळसर राखाडी पालवी अत्यंत देखणी दिसते. मात्र त्याचा घेर 4 ते 6 मीटर होतो, त्यामुळे अडीच मीटरच्या पट्ट्यात तो कोंडला जाईल. म्हणून सरळसोट, स्तंभासारखा वाढणारा इटालियन सायप्रसच आपल्याला सोयीचा आहे. त्याचा घेर साधारणतः एक ते दीड मीटरच असतो, परंतु उंची 12 मीटरच्याही पुढे जाऊ शकते. वरून विजेच्या तारा जात असतील तर याचा आधीच विचार करावा. सिरिडियम त्यालाही होतो, तेव्हा रोपे दाटीने न लावता हवा खेळती राहील असे अंतर ठेवावे. चिकणमातीच्या टोकाला एकतर झाड लावूच नये, किंवा रुंद उंचवटा करून त्यावर लावावे. सायप्रस तहान सोसतो, पण बुडाशी तुंबलेले पाणी सोसत नाही. तिथे मूळकुज ठरलेली.

उत्तर (ठिबकप्रेमी) : निवडीबाबत वरील मताशी पूर्ण सहमत आहे. पाण्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते : ‘दुष्काळ सोसणारे’ हे वर्णन मुळे खोल गेलेल्या झाडाला लागू पडते, नुकत्याच लावलेल्या रोपाला नव्हे. पिशवीतल्या रोपाची सारी मुळे त्या मूठभर मातीतच असतात आणि भोवतीची जमीन ओली असतानाही ती माती कोरडी पडू शकते. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे पाणी थेट बुंध्यालगतच्या मातीला मिळते आहे ना, हे बोटाने चाचपून पाहावे. त्यानंतर आळे हळूहळू बाहेर वाढवत न्यावे. रोज थोडे पाणी शिंपडण्याऐवजी एकदाच हात-दीड हात खोल भिजेल इतके द्यावे आणि पुढचे पाणी जमीन वाफशावर येऊन वरचा थर सुकल्यावरच द्यावे. रोज वरवर भिजवलेल्या झाडाची मुळे वरच्याच थरात पसरतात. असे झाड उन्हाळ्यात लवकर माना टाकते आणि वादळात कलंडते. पहिली दोन वर्षे हे पथ्य पाळले, तर पुढे लांबलेल्या कोरड्या काळातच अधूनमधून खोल पाणी द्यावे लागेल.

खड्डा रुंद घ्यावा, पण पिशवीतल्या मातीपेक्षा खोल नको. मुळे गोल गुंडाळलेली असल्यास ती सोडवून किंवा कापून मगच रोप लावावे. पालापाचोळ्याचे चार बोटे आच्छादन घालावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये.

मृद्‌गंध : अतिशय उपयुक्त माहिती. मग इटालियन सायप्रसच लावतो आणि चिकणमातीचे टोक मोकळे सोडतो. उंची आटोक्यात ठेवण्यासाठी पुढे छाटणी केली तर चालेल का?

उत्तर (बांधावरचा) : हिरव्या पालवीपुरती हलकी छाटणी चालते. आतल्या तपकिरी, निष्पर्ण लाकडापर्यंत कापल्यास तिथे पुन्हा पालवी फुटत नाही आणि ते भगदाड कायमचे राहते. शेंडा छाटल्यास स्तंभाचा आकारही बिघडतो, त्यामुळे उंची खटकणार असेल तर आताच ठेंगणी जात निवडावी.

उत्तर (पानगळ) : दोन बाबींची भर घालतो. आतल्या बाजूला साचणारी वाळकी पालवी चटकन पेट घेते, तेव्हा रांग घराच्या भिंतीपासून दूर ठेवावी आणि वाळके वेळोवेळी झाडून काढावे. दुसरे म्हणजे, कोरड्या हवेत लाल कोळी (पालवीतला रस शोषणारी अगदी बारीक कीड) वाढतो. पालवी निस्तेज वाटली तर फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकावी. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालू लागले, तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड सकाळीच धुऊन काढावे, म्हणजे पालवी दिवसभरात सुकते.