नगरपंचायत झाली, पण जोता तपासायला कोण येतं?

वरची आळी:
आमचं तालुक्याचं गाव. ग्रामपंचायत होती तोवर घर बांधायचं म्हणजे साधा अर्ज, सरपंचाच्या कानावर घालायचं, झालं. आता नगरपंचायत. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत तिघांच्या दारावर नोटीस चिकटवली: नगररचना कायद्याचं कलम ५३, विनापरवाना बांधकाम. तिघांचीही आज्याच्या वेळची जागा, चौदा फुटांची पट्टी. माझं स्पष्ट मत: डिसेंबर २०२० पासून लागू झालेली ही राज्याची एकत्रिकृत बांधकाम नियमावली मोठ्या शहरांकडे पाहून केलेली आहे. आमच्या गावठाणावर ती लादू नका. पटत नसेल तर बोला.

रिटायर ओव्हरसियर:
नाही पटत. नियमावली उघडून पाहिली का? दाट वस्तीला घराभोवती सोडायच्या जागेत वेगळी सवलत आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला तर नकाशा, कागदपत्रं आणि शुल्क भरलं की पावती हीच परवानगी. चौदा फुटांची पट्टी त्यात आरामात बसते. आणि हे कोणाच्या मनातून आलेलं नाही. नॅशनल बिल्डिंग कोड, म्हणजे देशपातळीवरची बांधकामाची नियमसंहिता, ही नुसती शिफारस असते, राज्य ती १९६६ च्या नगररचना कायद्याखाली नियमावलीत घेतं, तेव्हा ती बंधनकारक होते. नगरपंचायतीला फक्त राबवायचं असतं.

वरची आळी:
"फक्त" म्हणे! कागदपत्रं म्हणजे काय, ते सांगा ना. गावठाणात नमुना आठवर, म्हणजे घरपट्टीच्या उताऱ्यावर, अजून आज्याचं नाव आहे. वारसनोंद करायची तर पुण्याच्या काकाची सही लागते, आणि काका अकरा वर्षांपासून बोलत नाही. पावती मिळायच्या आधीच माणूस थकते साहेब. मग तो रातोरात स्लॅब टाकते.

माहेर यवतमाळ:
तुमचं भांडण जागेचं आहे. माझं लोखंडाचं. आमचं घर काळ्या मातीत. मिस्त्रीनं तीन फुटांवरच पाया थांबवला, मुरूम लागलाच नाही. पहिल्या पावसाळ्यात माती फुगली, उन्हाळ्यात आकसली, मागच्या भिंतीला भेग. त्यात मी बॉलपेन घालून पाहिला, टोपणासकट गेला. कॉलमच्या लोखंडी रिंगा लांब, एक-एक फुटावर बांधल्या होत्या, हे छपाई फोडल्यावर कळलं. तेव्हा पायाच्या वेळी कोणी येऊन पाहिलं असतं तर मी चहा पाजून त्याच्या पाया पडले असते. नियम पाहिजेच.

सेंट्रिंगवाला:
ताई, मिस्त्रीवर कायले राग? मालक म्हणते रिंगा कमी कर, लोखंड महाग हाय. मुरूम लागेपर्यंत खोदतो म्हटलं तं मजुरीवर घासाघीस. स्लॅब टाकाचा मे महिन्यात, कारन जूनले पाऊस. वरून पंचेचाळीस डिग्री. अन् नळ येते चार दिवसाआड! पानी माराले टँकर कोन आनते? मालक तिसऱ्या दिवशी म्हणते, झालं नं आता.

रिटायर ओव्हरसियर:
कडक उन्हात काँक्रीटला किमान दहा दिवस पाणी पाहिजे, भारतीय मानकात तसं लिहिलंच आहे. आणि "आपल्याकडे काय होते" म्हणणाऱ्यांनी किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या आधी तो भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात धरला जात होता.

वरची आळी:
किल्लारीत जाड दगड-मातीच्या भिंती पडल्या. तिथं कलम ५३ ची नोटीस काय कामाची होती? भंडाऱ्याचं पण आठवा. ९ जानेवारी २०२१ ला जिल्हा रुग्णालयात आग लागली, दहा बाळं गेली. आधी सरकारी इमारतींना नोटीस चिकटवा, मग आमच्या पट्टीकडे या.

रिटायर ओव्हरसियर:
हे मान्य, त्यात वाद नाही. आणखी एक मान्य करतो, नोकरीत असताना कधी बोललो नाही. खरी तपासणी जोत्याला असते. पाया भरल्यावर, भिंत चढायच्या आधी. तेव्हा चूक निघाली तर दुरुस्ती होते. आपल्याकडे मात्र छताला ऑइलपेंट लागला की नोटीस जाते. तेव्हा पाडण्याशिवाय किंवा तोडपाणी करण्याशिवाय काही उरतच नाही.

माहेर यवतमाळ:
मग नियमाला नावं कशाला ठेवता, वरची आळी? जोता तपासा म्हणून मोर्चा काढा ना!

वरची आळी:
सोमवारी कार्यालयात जाऊन आलो. इंजिनिअरकडे आणखी एका गावाचा चार्ज, इथं मंगळवार आणि शुक्रवार. जोत्याची किती पाहणी केली विचारलं, तर बाबू म्हणाला, कोणी बोलावतच नाही. मी अजूनही म्हणतो, वारसनोंदीची अट सैल करा. पण बोलवायला पाहिजे, एवढं खरं.

सेंट्रिंगवाला:
येत्या शुक्रवारी बाजाराच्या मागं एक जोता भरतो मी. मालकाले विचारलं, तो हो म्हणते. इंजिनिअर साहेबाले सांगा, गाडीचा पेट्रोल मी टाकतो.