मदत हवी आहे: नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात पक्षीगणनेतून निधी उभारायचा आहे, पैसे दिसलेल्या पक्ष्यांच्या दर जातीमागे घ्यावेत की ठोक?

नमस्कार मंडळी,

आम्ही निफाड-येवला भागातले पक्षीनिरीक्षक. संक्रांतीच्या आधीच्या एखाद्या रविवारी नांदूरमध्यमेश्वरला चार-चार जणांच्या संघांनी दिवसभर पक्षी मोजायचे आणि त्यातून निधी जमवायचा, असं ठरतंय. निधी मांजाने जखमी झालेल्या पक्ष्यांच्या उपचारांसाठी.

येवल्याची संक्रांतीची पतंगबाजी तुम्हाला सांगायला नको. नायलॉन मांजावर 2017 पासून बंदी आहे, तरी तो मिळतोच. घार, घुबड, रातबगळा सापडतात ते बहुतेक झाडाला उलटे लटकलेले. सुटायला जितकी धडपड करतील तितका मांजा पंखाच्या सांध्यात रुततो, पंखाच्या पुढच्या कडेची पातळ त्वचा फाटते. टाके घालून भागत नाही. पुढे काही आठवडे पिंजरा, खाणं, औषधं लागतात. खरा खर्च तिथे आहे, आणि त्यासाठी सहसा कुणी पैसे देत नाही.

कल्पना अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या स्पर्धेवरून घेतली. तिथे 1984 पासून मे महिन्यात मध्यरात्र ते मध्यरात्र संघ पक्षी शोधतात आणि देणगीदार दर जातीमागे रक्कम कबूल करतात. म्हणजे कुणी 10 रुपये बोलला आणि संघाला 120 जाती दिसल्या, तर त्याने 1200 द्यायचे. गंमत येते, लोक संध्याकाळी आकडा विचारायला फोन करतात.

माझी काळजी इथेच आहे. जातीला पैसे जोडले की आकडा वाढवायचा मोह होतो. लाजऱ्या फटाकडीला (पाणवनस्पतींत लपून राहणारा पक्षी) बाहेर काढायला कुणी मोबाइलवर तिचा आवाज वाजवेल, कुणी पाणवनस्पतींत शिरेल. वटवट्यांच्या (एकमेकांसारखे दिसणारे छोटे पक्षी) बाबतीत तर 'दिसला' म्हणणं फार सोपं. म्हणून आवाज वाजवायला पूर्ण बंदी, फक्त मनोरे आणि बांधावरूनच निरीक्षण, आणि संघातल्या निदान तिघांनी पाहिलेला किंवा ऐकलेला पक्षीच धरायचा, असे नियम मी सुचवलेत. वनखात्याकडे परवानगीचा अर्जही करणार आहोत. तरीही मला वाटतं, ठोक देणगी घ्यावी आणि आकडा नुसत्या आनंदासाठी ठेवावा. पण बाकीचे म्हणतात, ठोक म्हटलं की लोक शंभराची नोट काढतात आणि विषय संपतो.

ज्यांनी असा उपक्रम केलाय त्यांनी कृपया सांगा:

जातीमागे रक्कम घेतलीत तर कमाल मर्यादा ठेवली होती का? आकडा कळल्यावर कबूल केलेले पैसे खरंच हाती आले, की मागे लागावं लागलं?

पैसे आमच्या कुणाच्या खात्यावर नकोत, थेट उपचार करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे जावेत, पावती तिनेच द्यावी, एवढं नक्की आहे. 80जी साठी, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीसाठी, 2000 रुपयांवर रोख चालत नाही, हेही सगळ्यांना सांगणार आहोत. अडचण परदेशातल्या नातेवाइकांची. भारतीय पासपोर्टवाल्यांचा प्रश्न नाही, पण ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्यांची देणगी परकीय धरली जाते आणि संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणगी घेण्यासाठी लागणारी) नोंदणी नाही. त्यांना नाही म्हणताना जीवावर येतं. त्यांना पैशांऐवजी दुसऱ्या कुठल्या कामात सामील करून घेता येईल का?

आणि शाळेतली मुलं यायची म्हणताहेत. त्यांच्यासाठी वेगळा, बिनपैशांचा संघ करावा असं माझं मत आहे. तुम्ही काय केलं होतंत?