ना समुद्र, ना मोठी नदी. मग बीजिंग इतकी शतके राजधानी कसे राहिले?

विहंग (दादर)

आमच्या वाचनगटाने या महिन्यात पूर्व आशियातील राजधान्यांचा विषय घेतला असून माझ्या वाट्याला बीजिंग आले आहे. नकाशा पुढ्यात घेतल्यावर पहिलीच शंका अशी आली, की हे शहर तिथे आहेच कशासाठी? मोठे शहर म्हणजे बंदर, हे मुंबईत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात पक्के बसलेले असते. बीजिंगला किनारा नाही, जहाजे चालतील अशी नदी शहरालगत नाही, पाऊस बेताचा आणि थंडी मात्र कडाक्याची. चीनचे धान्यसमृद्ध प्रांत यांगत्सेच्या खोऱ्यात, म्हणजे तिथून सुमारे हजार किलोमीटर दक्षिणेला आहेत. तरीही तेराव्या शतकापासून राजधानी फिरून फिरून तिथेच का येते? राजवंशांची यादी मला मिळाली आहे, मला कारणे हवी आहेत. जमल्यास जुन्या शहरातले आज जागेवर काय उरले आहे, तेही सांगावे.

निवृत्त मास्तर (गिरगाव)

विहंग, उत्तर नकाशातच आहे, फक्त तो उत्तरेकडून पाहायला हवा. उत्तर चीनचे मैदान जिथे संपते त्या कोपऱ्यात बीजिंग वसले आहे. तिथून डोंगर सुरू होतात आणि ज्युयोंग, गुबेइको यांसारख्या खिंडी ओलांडल्या, की मंगोलियाच्या गवताळ प्रदेशाकडे आणि मांचुरियाकडे जाणाऱ्या वाटा लागतात. शेती करणारे आणि घोडे पाळणारे अशा दोन जगांच्या सांध्यावरचे हे ठाणे आहे.

यान या प्राचीन राज्याची राजधानी, ‘जी’ नावाची नगरी, इथेच होती, पण ते एका प्रादेशिक राज्याचे गाव. पुढची हजारएक वर्षे हे सरहद्दीवरचे लष्करी आणि व्यापारी शहर राहिले. त्याचे नशीब पालटले ते उत्तरेकडच्या लोकांनी ते घेतल्यावर. खितानांच्या ल्याव राज्याने ९३८ मध्ये इथे आपली दक्षिणेकडची उपराजधानी केली, कारण त्यांच्या राज्याचे हे दक्षिण टोक होते. त्यांच्यामागून आलेल्या जुर्चेनांच्या जिन घराण्याने ११५३ मध्ये मुख्य राजधानी इथे आणली आणि तिला झोंगदू हे नाव दिले. १२१५ मध्ये चंगीझखानाच्या सैन्याने ती घेतली आणि जाळली. त्याचा नातू कुब्लाईखान याने १२६७ पासून जळक्या शहराच्या ईशान्येला, तलावांच्या काठी, दादू हे नवे शहर बांधायला काढले. ज्याला मंगोलियाकडे पाठ फिरवायची नव्हती आणि चीनवरही राज्य करायचे होते, त्याला याहून सोयीची जागा मिळणे कठीण होते.

आता खरा पेच मिंग घराण्याचा आहे, कारण ते दक्षिणेतून आलेले आणि मंगोलांना हाकलून गादीवर बसलेले. त्यांच्या पहिल्या सम्राटाने राजधानी नानजिंगलाच ठेवली होती. मात्र त्याचा चौथा मुलगा झू दी हा यानचा राजा म्हणून याच सरहद्दीवर सैन्य घेऊन बसला होता. १३९९ ते १४०२ या यादवीत त्याने पुतण्याकडून गादी हिसकावली आणि योंगल सम्राट या नावाने तो राज्य करू लागला. त्याचे बळ उत्तरेत, त्याचे शत्रू नानजिंगच्या दरबारात, आणि मंगोलांशी युद्ध हा त्याचा ध्यास. राजधानी त्याने आपल्या मुलखात नेली, यात नवल ते काय?

हा निर्णय सहज पचला, असे मात्र समजू नये. १४२१ च्या आरंभी नव्या राजवाड्यात दरबार भरला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वीज पडून राजवाड्याची तिन्ही मुख्य दालने जळून गेली. स्थलांतराच्या विरोधकांना आकाशानेच कौल दिल्यासारखे झाले. योंगलच्या मुलाने १४२५ मध्ये राजधानी परत नानजिंगला नेण्याचे ठरवलेही होते, पण तो काही महिन्यांतच वारला. जळालेली दालने उभी राहून बीजिंगचा राजधानीचा दर्जा कागदोपत्री पक्का व्हायला १४४१ साल उजाडले. पुढे १४४९ मध्ये तुमू येथे खुद्द सम्राटच मंगोलांच्या हाती सापडला, तेव्हा दरबारातील काहींनी दक्षिणेकडे निघून जाण्याचा सल्ला दिला होता. युद्धमंत्री यू च्यान याने तो धुडकावला, नवा सम्राट गादीवर बसवला आणि तटाखाली आलेले मंगोल परतवून लावले. माझ्या मते बीजिंग खऱ्या अर्थाने राजधानी झाले ते त्या वर्षी.

१६४४ मध्ये आलेल्या मांचूंना ही जागा कुब्लाईखानाला सोयीची होती त्याच कारणाने सोयीची होती. एक दुरुस्ती: हा क्रम अखंड नाही. १९२८ मध्ये राष्ट्रवादी सरकारने राजधानी नानजिंगला नेली आणि ती सप्टेंबर १९४९ मध्ये परत आली.

पाणकळा (मुलुंड)

सरांनी राजकारण उत्तम मांडले आहे, पण राजधानी नेणे आणि ती जगवणे या निराळ्या गोष्टी आहेत. माझी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, त्यामुळे माझे लक्ष त्याकडे जाते.

झोंगदू जळाले हे खरे, पण जुनी जागा सोडण्यामागे पाण्याचेही कारण होते. ते शहर पश्चिमेच्या एका छोट्या कमळतळ्यावर अवलंबून होते आणि कुब्लाईच्या मनातल्या शहराला ते पुरणारे नव्हते. दादू तलावांच्या काठी आले, तरी धान्याची अडचण तशीच राहिली. दक्षिणेचे धान्य समुद्रमार्गे त्यानजिनपर्यंत आणि तिथून नदीने तोंगजौपर्यंत येई. तोंगजौ ते राजधानी हे अंतर जेमतेम वीसेक किलोमीटरचे, पण शहर सुमारे २० मीटर उंचावर होते. कालवा खणावा, तर वरच्या टोकाला पाणी नाही. आणि जे आहे ते उतारावरून निघून जाणार.

हा प्रश्न ग्वो शौजिंग या खगोलज्ञ आणि जलतज्ज्ञाने सोडवला. १२९२-९३ मध्ये त्याने शहराच्या वायव्येला असलेल्या बायफू झऱ्याचे पाणी आणले. सरळ रेषेत ते आणता येत नव्हते, कारण मध्ये दोन नद्यांचे सखल खोरे आडवे येते आणि त्यात शिरलेले पाणी पुन्हा वर चढणार नाही. म्हणून त्याने पाट आधी पश्चिमेकडे, म्हणजे शहरापासून दूर, डोंगराच्या पायथ्याशी नेला आणि मग उंची राखत, वाटेतले झरे गोळा करत, दक्षिणेकडे वळवला. ते पाणी आजच्या कुनमिंग तलावाच्या जागी असलेल्या तळ्यात आणि तिथून शहरात येई. तोंगजौच्या बाजूला त्याने ओळीने दरवाजे बसवले. खालचा बंद करून वरचा उघडला, की दोहोंमधले पाणी चढते आणि नाव पुढच्या टप्प्यावर जाते. धान्याच्या नावा थेट राजधानीतल्या तलावात येऊन लागल्या. डोंगरउतारावर हाताने समपातळी साधणे काय असते, हे ज्याने पाट आखला आहे त्यालाच कळेल; या माणसापुढे मी तरी हात जोडतो.

मिंग काळात दक्षिणेला उत्तरेशी जोडणाऱ्या महाकालव्याचा शांतुंग प्रांतातला उंचवट्यावरचा भाग १४११ मध्ये पुन्हा वाहता केला गेला आणि १४१५ पासून धान्याची सागरी वाहतूक थांबवण्यात आली. पुढे वर्षाला सुमारे ४० लाख शी धान्य, एक शी म्हणजे अदमासे १०० लीटर, हा उत्तरेकडे पाठवायचा ठरीव आकडा झाला. तेव्हा विहंग, दक्षिण दूर होती म्हणून बीजिंग अडले नाही, कारण दक्षिणेलाच तिथे ओढून आणले गेले. आजही तेच चालले आहे. डिसेंबर २०१४ पासून दानज्यांगकौ धरणाचे पाणी १२०० किलोमीटरहून अधिक अंतर कापून बीजिंगला येते. आपण भातसा आणि वैतरणेच्या पाण्यावर जगणाऱ्यांनी यावर फार बोलू नये.

विहंग (दादर)

सर आणि पाणकळा, दोघांचेही आभार. टिपणाचा निम्मा भाग तयार झाला. तटबंदीविषयी कोणी सांगेल का? छायाचित्रांत अवाढव्य तट दिसतो आणि आजच्या नकाशात त्याच्या जागी रस्ता दिसतो.

नकाशावेडा (विलेपार्ले)

रस्ता आणि त्याच्याखाली मेट्रो. आतल्या शहराच्या तटाला नऊ वेशी होत्या आणि १५५३ मध्ये दक्षिणेला जोडलेल्या बाहेरच्या तटाला सात. प्रत्येक वेशीची वाहतूक ठरलेली होती: पूर्वेच्या चाओयांग वेशीतून धान्य, पश्चिमेच्या फूचेंग वेशीतून कोळसा, शीजी वेशीतून राजवाड्यासाठी झऱ्याचे पाणी. पाणकळा म्हणतात ती ओढ वेशींवरच वाचता येते.

१९४९ नंतर सरकारी कचेऱ्या कुठे बांधायच्या, हा प्रश्न आला. वास्तुरचनाकार ल्यांग सिचेंग आणि नगररचनाकार चेन झानश्यांग यांनी फेब्रुवारी १९५० मध्ये सुचवले, की प्रशासकीय केंद्र जुन्या शहराच्या पश्चिमेला मोकळ्या जागी नव्याने वसवावे आणि तटाच्या आतले शहर जसेच्या तसे राखावे. तटाच्या माथ्यावर बागा करून तो लोकांना फिरायला खुला करावा, असाही ल्यांग यांचा आग्रह होता. प्रस्ताव फेटाळला गेला, कचेऱ्या जुन्या शहरातच आल्या आणि गर्दीला वाट देण्यासाठी तट टप्प्याटप्प्याने पडू लागला. जुलै १९६५ मध्ये मेट्रोचे काम सुरू झाले. रस्ता उकरून बोगदा बांधायचा आणि वरून बुजवायचा, अशी पद्धत असल्याने घरे पाडण्याऐवजी तट पाडणे सोपे ठरले. १९६९ मध्ये शीजी वेशीचा बाहेरचा बुरूज फोडताना त्याच्या पोटात युआन, म्हणजे कुब्लाईखानाच्या घराण्याच्या, काळातली एक अख्खी वेस सापडली. मिंग बांधकाम करणाऱ्यांनी ती न पाडता तिच्याभोवतीच चिरेबंदी केली होती. तीही पुढे उतरवण्यात आली.

मुंबईकरांना ही कथा ओळखीची वाटेल. फोर्टचा तट गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात, १८६० च्या दशकात पाडला गेला आणि चर्चगेट हे स्थानक नाहीशा झालेल्या वेशीचे नाव चालवत राहिले. बीजिंगच्या दुसऱ्या मार्गिकेवर अशी स्थानके ओळीने आहेत. त्याहून जवळचे साम्य नवी मुंबईचे आहे. १९६० च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर सुचवले, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, शहर वसलेही. पण त्या कल्पनेचा कणा असलेले राज्य सरकारचे स्थलांतर झाले नाही आणि मंत्रालय दक्षिण मुंबईतच राहिले.

निवृत्त मास्तर (गिरगाव)

नकाशावेडा यांच्या माहितीबद्दल वाद नाही, पण तटाविषयीची हळहळ थोडी आवरायला हवी. १६४८ मध्ये मांचूंनी आतल्या शहरातील हान रहिवाशांना घरे सोडायला लावून दक्षिणेच्या बाहेरच्या शहरात धाडले आणि आतला भाग आपल्या फौजी कुटुंबांसाठी राखून ठेवला. पुढच्या अनेक पिढ्या तो तट बीजिंगच्या बहुसंख्य लोकांना आत राहू न देण्यासाठी उभा होता. आपल्या फोर्टबाहेरच्या वस्तीलाही तट पडल्याचे फार दुःख झाले असेल, असे मला वाटत नाही.

नकाशावेडा (विलेपार्ले)

सर, मुद्दा मान्य. मात्र ज्यांना आत येऊ दिले नव्हते, त्यांच्या नातवंडांना त्या तटावर फिरता आले असते, हेही खरे.

विहंग, काय उरले ते थोडक्यात सांगतो. झेंगयांग वेस, देशेंग वेशीचा धनुर्धारी बुरूज, आग्नेय कोपऱ्याचा बुरूज आणि त्याला लागून सुमारे दीड किलोमीटर मिंग तट शिल्लक आहे. उत्तरेला दादूच्या मातीच्या तटाचा उंचवटा बागेत राखला आहे. चाओयांग वेशीतून आलेले धान्य साठवायची काही कोठारे पूर्व भागात आजही उभी आहेत. योंगदिंग वेस दिसेल, पण ती या शतकाच्या पहिल्या दशकात पुन्हा बांधलेली आहे, हे टिपणात जरूर लिहा. तिच्यापासून घंटाघरापर्यंतच्या ७.८ किलोमीटरच्या मध्य अक्षाला युनेस्कोने २०२४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. ल्यांग-चेन प्रस्तावावर लिहिणार असाल, तर आणखी एक गोष्ट घाला: जानेवारी २०१९ मध्ये बीजिंग महापालिकेचे मुख्यालय जुन्या शहरातून अधिकृतपणे हलले. ते पश्चिमेला गेले नाही, पूर्वेला गेले. पाणकळा यांनी सांगितलेल्या त्या तोंगजौला.