सगळे एका माळेचे मणी नाहीत

अमेरिकेतला रिपब्लिकन सिनेटर आर्लेन स्पेक्टरचं उदाहरण देऊन 'मध्यममार्गी म्हणजे तिकिटासाठी उड्या मारणारे' असं काही जण म्हणतात, ते स्पेक्टरपुरतं ठीक आहे, प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक) हरणार दिसल्यावर २००९ ला डेमोक्रॅट झाला आणि २०१० ला तिथली प्रायमरीही हरला. पण व्हर्माँटचा रिपब्लिकन सिनेटर जिम जेफर्ड्स बघा ना. २००१ मध्ये सिनेट ५०-५० होतं, उपराष्ट्राध्यक्ष चेनीच्या निर्णायक मतावर रिपब्लिकन बहुमत, आणि ह्या माणसाने मे महिन्यात पक्ष सोडून अपक्ष होऊन डेमोक्रॅट्सना साथ दिली, अख्ख्या सिनेटचा ताबाच फिरला! नुकताच २००० मध्ये निवडून आलेला, म्हणजे तिकिटाची चिंता नव्हतीच. त्याचं भांडण मुख्यतः शिक्षणाच्या पैशावरून, अपंग मुलांच्या शिक्षणाच्या जादा खर्चापैकी ४० टक्क्यांपर्यंत केंद्र देईल असं १९७५ च्या कायद्यात होतं, प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही कधी गेले नाहीत आणि राष्ट्राध्यक्ष बुश टॅक्स कट घेऊन बसलेला. बरं हा आधीपासूनच असा, १९८१ ला रेगनच्या टॅक्स कटलाही विरोध केलेला. आता पक्ष सोडल्यावर त्याला सिनेटच्या पर्यावरण समितीचं अध्यक्षपद मिळालं हे खरंय, पण शिक्षणवाल्या समितीचं त्याच्याकडे आधीच होतं, त्यामुळे खुर्चीसाठी गेला हे मला तरी पटत नाही. नंतर २००२ मध्ये इराक युद्धाविरुद्धही मत दिलं. २००६ ला तब्येतीमुळे उभा राहिला नाही, ती जागा बर्नी सँडर्सने जिंकली.