लाईन गेली अन् वजनाची फाईल शून्य बाइट, सेव्ह केलेलं गेलं कुठं?

काट्यावरचा_यवतमाळ:
नमस्कार मंडळी. कापसाच्या जिनिंगवर काट्याचं कॉम्प्युटर मी पाहतो, लिनक्स हाय, पायथनचा छोटा प्रोग्राम मीच लिहिला. भरलेल्या गाडीचं वजन फाईलीत जाते, गाडी खाली झाली की रिकामं वजन, मंग पावती निघते. परवा संध्याकाळी लाईन गेली, यूपीएसची बॅटरी आधीच बसलेली, मशीन चालू करून पाहतो तं दिवसभराची फाईल शून्य बाइट! रात्री साडेअकरापर्यंत एकेक पावती मागून पुन्हा भरली, पण एका बाबाची गाडी तेव्हा खाली होऊन रायली होती, भरलेलं वजन फक्त फाईलीत होतं अन् कापूस ढिगात मिसळून गेलेला. त्याच्या डोळ्यात पाहवलं नाही मले. फाईल तं दरवेळी क्लोज करतो, एरर एकही नाही, मंग रिकामी काऊन झाली?

सर्व्हरवाला_नागपूर:
भाऊ, क्लोज केलं म्हणजे डिस्कवर पोचलं असं नसतं. प्रोग्राम लिहितो ते आधी रॅममधल्या पेज कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात बसते, अन् कर्नल (लिनक्सचा गाभा) ते साधारण ३० सेकंद जुनं झाल्यावर डिस्ककडे पाठवायला काढते. तेवढ्यात लाईन गेली की रॅममधलं संपलं.
तू फाईल बहुतेक डब्ल्यू मोडमध्ये उघडून दरवेळी पूर्ण लिहीत असशील. त्या मोडमध्ये उघडल्याबरोबर जुना मजकूर पुसल्या जाते, नवा अजून रॅममध्येच, मधात लाईन गेली तं हातात काहीच राहत नाही.
ईएक्सटी४ ला (लिनक्सची डिस्कवर फाईली मांडायची नेहमीची पद्धत, म्हणजे फाईलसिस्टम) जर्नल आहे, म्हणजे बदलांची नोंदवही, पण नेहमीच्या सेटिंगमध्ये त्यात मेटाडेटाच जातो, म्हणजे फाईलीचं नाव, साईझ, डिस्कवरचे कोणते ब्लॉक (तुकडे) कोणाचे. त्यानं फाईलसिस्टम मोडत नाही, तुझी वजनं वाचतीलच याची हमी त्यात नाही. २००९ मध्ये ईएक्सटी४ नवीन असताना लोकांच्या सेटिंगच्या फाईली अशाच शून्य व्हायच्या, कारण ईएक्सटी४ फाईलीला डिस्कवरचे ब्लॉक उशिरा नेमून देते, नंतर कर्नलमध्ये त्यावर उपाय टाकला पण त्याच्या भरवशावर हिशोब ठेवू नको.
असं कर: त्याच फोल्डरमध्ये टेम्प फाईल लिही, फ्लश कर, मग ओएस डॉट एफसिंक, मग रिनेम करून जुन्या नावावर बसव. नुसत्या फ्लशनं पायथनच्या बफरमधून कर्नलपर्यंतच जाते, तिथून डिस्कवर न्यायला एफसिंकच लागते. रिनेम एका झटक्यात होते, म्हणून एकतर पूर्ण जुनी फाईल दिसते नाहीतर पूर्ण नवी.

डेटाबेस_अमरावती:
वरचं बरोबर, एक राहिलं. रिनेमनंतर फोल्डरवरही एफसिंक लागते, नाहीतर नवं नावच हरवू शकते. अन् एफसिंकनं एरर दिला तं पुन्हा एफसिंक मारून "झालं" समजू नका. २०१८ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांना हेच सापडलं, पहिल्यांदा एरर आला की कर्नल रॅममधलं ते पान डिस्कवर गेलेलं, म्हणजे स्वच्छ, समजून मोकळं होते, दुसऱ्यांदा विचारलं तं सगळं ठीक सांगते अन् डेटा डिस्कवर गेलेलाच नसते. एरर आला की तिथंच थांबायचं, काटा बंद.
माझं ऐकशील तं सरळ एसक्यूलाईट (एका फाईलीत चालणारा छोटा डेटाबेस) वापर, त्यातली सिंक्रोनस सेटिंग एक्स्ट्रा ठेव, हे सगळं ते स्वतः करते.

काट्यावरचा_यवतमाळ:
हो, डब्ल्यू मोडच होता! दर वजनाला एफसिंक केलं तं काटा हळू नाही होणार?

सर्व्हरवाला_नागपूर:
साध्या हार्डडिस्कवर एका एफसिंकला सेकंदाचा छोटासा भाग लागते, तुझी गाडी काट्यावर सरळ उभी व्हायलाच मिनिट जाते. फक्त क्रम सांभाळ, एफसिंक झाल्याशिवाय गाडी काट्यावरून सोडायची नाही. अन् स्वस्त एसएसडी असली तं यूपीएसची बॅटरी याच हप्त्यात बदल, काही ड्राइव्ह आपल्या कॅशेतलं लिहायच्या आधीच "लिहिलं" म्हणून सांगते.

काट्यावरचा_यवतमाळ:
एसक्यूलाईटवर टाकलं. चाचणी म्हणून वजन घेतल्याबरोबर पाच वेळा प्लग ओढला, पाचही वेळा नोंद जाग्यावर. आता भरलेल्या वजनाचीही चिठ्ठी काढतो, नोंद पक्की झाल्यावरच, अन् ती गाडीवाल्याच्या हातात देऊनच गाडी खाली करायला पाठवतो. बाबाच्या वजनासाठी उद्या मालकाशी बोलतो, त्याच्याच बैलगाडीच्या आधीच्या खेपांच्या पावत्या हायेत, त्यावरून अंदाज निघते.