मदत हवी: आउटबोर्ड इंजिन वळणावर ओरडतं, उंची किती ठेवू?

टेंबवाला_मोरजी
नमस्कार. कृपया लवकर सांगा. होडी वळवली की मागे बाहेर टांगलेलं आउटबोर्ड इंजिन एकदम ओरडतं आणि होडी जागच्या जागी. सरळ जाताना बरं असतं, पण लाट आली की परत तेच. मेकॅनिक म्हणतो पंखा बदल. पंखा चांगला आहे, एकही पातं दुमडलेलं नाही. मला वाटतं उंची चुकलीय. किती इंच खाली घेऊ तेवढं सांगा. 31 जुलैला मासेमारीची बंदी संपली, शेजारचे रोज बांगडा घेऊन येतात आणि माझी होडी शापोरा नदीच्या काठाला बांधलेली.

मालवणी_खलाशी
भाऊ, असं हवेत कसं सांगणार? होडी केवढी? शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्याकडे जाणारा दांडा, शॉर्ट की लाँग? इंजिन बसतं त्या मागच्या फळीची उंची किती? मोजून टाका.

टेंबवाला_मोरजी
फायबर, 18 फुटी. इंजिन 15 हॉर्सपॉवर, लाँग शाफ्ट. गेल्या वर्षी हेच इंजिन ह्याच होडीला नीट चालत होतं, म्हणून शाफ्टचा प्रश्न नाही.

बेतीचा_फिटर
शॉर्ट शाफ्ट 15 इंची फळीसाठी, लाँग 20 इंचीसाठी, एक्स्ट्रा लाँग 25 साठी. फळी मधोमध मोजायची, वरच्या काठापासून तळापर्यंत सरळ खाली. मग होडी काठावर घ्या, इंजिन उभं सरळ ठेवा, तळाला ॲल्युमिनियमची सरळ पट्टी लावून मागे इंजिनापर्यंत न्या. पंख्याच्या वरची आडवी प्लेट त्या पट्टीच्या वर आहे की खाली, किती, ते सांगा. ह्याशिवाय कोणी उत्तर दिलं तर ते अंदाजपंचे.

हरमल_टुरिस्ट_बोट
चार पात्यांचा पंखा लावा. मी डॉल्फिन दाखवायला माणसं नेतो, तीन पात्यांचा पंखा वळणावर असाच पाण्याची पकड सोडून सुटायचा. चार पाती लावली आणि त्रास गेला. हजारो रुपये मेकॅनिकला देण्यापेक्षा हे करा.

बेतीचा_फिटर
चार पाती पाणी जास्त धरतात हे खरं. पण प्लेटच वर असेल तर पंखा वरून हवा ओढणार, मग पाती चार असोत की पाच. आधी मोजू द्या त्यांना.

जुवारी_काका
बाबांनो, हंगामानंतर इंजिन गोड्या पाण्याने धुता का? खाऱ्या पाण्याने आतल्या वाटा बुजतात. गंजापासून इंजिन वाचवणारा जस्ताचा तुकडाही दर वर्षी बघा, अर्धा झिजला की बदला. मी 20 वर्षं हेच करतोय.

टेंबवाला_मोरजी
काका, धुतो. प्रश्न तो नाही.
मोजलं. फळी 20 इंच. प्लेट तळाच्या रेषेपेक्षा पावणेदोन इंच वर आहे.

बेतीचा_फिटर
20 इंची फळी, लाँग शाफ्ट, आणि प्लेट पावणेदोन इंच वर? इंजिनाखाली काही ठेवलंय का?

टेंबवाला_मोरजी
हो, 2 इंची सागवानी फळी. नदीच्या मुखाजवळ वाळू साचलीय, सुकतीला म्हणजे ओहोटीला पंखा घासायचा. म्हणून मे महिन्यात फळीवर फळी बसवून इंजिन उचललं. आधी सांगायला हवं होतं, पण तिचा संबंध असेल असं वाटलं नाही.

मालवणी_खलाशी
तीच फळी! काढा आणि निघा. वाळूचा पट्टा आला की इंजिन थोडं तिरकं करून हळू जायचं. त्यासाठी कायमची उंची वाढवायची नसते.

केरीचा_नाखवा
थांबा. फळी काढली तरी मी अजून एक इंच खाली घ्यायला सांगेन. मासेमारीची होडी आहे, डॉल्फिन बघायची नाही. नाळेत म्हणजे पुढच्या टोकात जाळं, तिथेच दोन माणसं, लाटेत मागचा भाग उचलतो आणि पंखा उघडा पडतो. आमच्याकडे सगळ्यांच्या प्लेटा तळाच्या एक-दीड इंच खाली असतात.

हरमल_टुरिस्ट_बोट
नाखवा, तुमच्या होड्या पाणी कापत संथ चालतात म्हणून खाली चालतं. पाण्यावर उचलून धावणाऱ्या होडीला प्लेट तळाच्या बरोबरीला, जास्तीत जास्त एक इंच वर. जितकं खाली, तितकं ओढणं, सुकाणू जड, पेट्रोल जास्त. माझी 22 फुटी खाली घेऊन बघितली, वेगच येईना.

केरीचा_नाखवा
पण विचारणारा धावत नाही, जाळं ओढतो.

बेतीचा_फिटर
दोघांचंही बरोबर, होड्या वेगळ्या. टेंबवाला, तळाला पठाण आहे का? मागच्या फळीपर्यंत येतं?

नवी_होडी_नवा_माणूस
पठाण म्हणजे काय?

मालवणी_खलाशी
होडीच्या तळाचा मधला कणा, कील म्हणतात तो. जुने सुतार पठाणच म्हणायचे.

टेंबवाला_मोरजी
आहे. पुढून मागच्या फळीपर्यंत सलग, साधारण दीड इंच बाहेर.

बेतीचा_फिटर
मग तिथे दुसरं कारण आहे. पठाणामागचं पाणी खळबळतं, त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात आणि ते थेट पंख्यावर जातात. आज फळी काढा. तरीही वळणावर सुटलं तर पठाणाची मागची बाजू हळूहळू निमुळती करत होडीच्या मागच्या फळीजवळ पातळ करा. पण रंधा मारताना आतलं लाकूड उघडं पडेल, रेझिन आणि फायबरची पट्टी लावून बंद करा. नाहीतर पाणी आत शिरून ते कुजेल.

कोमुनिदाद_घाट
पंख्याच्या वरच्या त्या आडव्या प्लेटला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, पण ती वरची हवा पंख्यात शिरू न देण्यासाठी असते. कॅव्हिटेशन म्हणजे पात्यावर दाब इतका कमी होणं की पाणी तिथल्या तिथे उकळतं, त्याने पात्याला खड्डे पडतात. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. नाव चुकीचं रुळलं म्हणून चुकीचा उपाय करू नका.

हरमल_टुरिस्ट_बोट
नाव काहीही असो, दादा, त्याला काम झालेलं हवंय.

कोमुनिदाद_घाट
नाव चुकलं की लोक पंखा बदलत बसतात, आत्ता मेकॅनिकने सांगितलं तसं. म्हणून लिहिलं.

बेतीचा_फिटर
हा मुद्दा बरोबर आहे. आणखी एक, हे जपा: इंजिन थंड करायचं पाणी प्लेटच्या खालून आत जातं. उंच बसलेलं इंजिन वळणावर तिथूनही हवा खातं. ते पाणी वर ओढणारं रबरी चाक, इम्पेलर, कोरडं फिरलं की फाटतं. मागच्या छिद्रातून पाण्याची धार नीट येते का?

टेंबवाला_मोरजी
धार येते, पण वळणावर बारीक होते. त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. फळी काढतो.

टेंबवाला_मोरजी
आज सकाळी फळी काढली. प्लेट आता पाव इंच खाली. सरळ आणि लाटेत अजिबात सुटत नाही, धार जाड. जोरात वळवलं तर अजून क्षणभर ओरडतं, पण लगेच पाणी धरतं. सुकतीला इंजिन तिरकं करून पट्टा ओलांडला, पंखा एकदा वाळूला लागला पण पातं वाचलं. नाखव्यांचं ऐकून जाळं मध्ये सरकवलं, त्याने मागची बाजू बसली. पठाणाचं काम आता नाही, पुढच्या पावसात होडी काठावर काढली की करीन. आज 3 टोपल्या बांगडा मिळाला.

बेतीचा_फिटर
इम्पेलर मात्र आताच उघडून बघा. एवढे दिवस हवा खाल्लीय. पात्यांवर चीर दिसली तर पुढच्या पावसाची वाट बघू नका. आणि इंजिन मागच्या फळीला धरणाऱ्या क्लॅम्पचे स्क्रू उद्या पुन्हा आवळा, खालून फळी निघाल्यावर ते पहिल्या दिवशी सैल पडतात. इंजिनाला दोरी बांधलेली आहे ना?

टेंबवाला_मोरजी
दोरी नाही. आज बांधतो.