रान पिंगळा की साधा पिंगळा?

यावलच्या जंगलात भर सकाळी उघड्या फांदीवर बसलेला पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, तुम्ही पाहिलात, आणि तो रान पिंगळा असेल का असं विचारलंय. शक्य आहे. पण दिवसा दिसला एवढ्यावर ठरवू नका, साधा पिंगळाही दिवसा बाहेर बसतो. आधी माथा बघा. साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, रान पिंगळ्याचा माथा जवळपास कोरा. रान पिंगळ्याची छाती गडद तपकिरी, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. फोटो असेल तर नक्की टाका. १८८४ नंतर रान पिंगळा थेट १९९७ मध्ये सापडला, तोही आपल्या शहाद्याजवळ! सातपुड्यातली प्रत्येक नोंद म्हणूनच मोलाची.

सध्या सागाची पानगळ झाल्याने तो दिसायला सोपा, पण हाच त्याचा विणीचा काळ. मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका, ढोलीजवळ थांबू नका, नेमकी जागाही इथे लिहू नका, ही कळकळीची विनंती.

बाकी पळस फुललाय, त्यावर भोरड्या (गुलाबी मैना) बघून घ्या. हतनूर धरणावर जायचं असेल तर फार दिवस लावू नका. तिथले पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) उत्तरेकडे परततात.